शोककर्त्याचे स्थान : स्त्रीपर्व, अजिंठा आणि नामदेवांचे समाधिप्रकरण

मृताचे काय करावे हे सांगताना भारतीय धर्मशास्त्र थकत नाही. मृतासाठी जो रडतो त्याचे काय करावे, हा विषय मात्र ते थोडक्यात आटोपते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आशौचप्रकरणात याविषयीचा निर्णय स्पष्ट आहे. बांधवांनी ढाळलेली आसवे आणि श्लेष्मा मृताला अगतिक होऊन भक्षण करावा लागतो, म्हणून रडू नये. यथाशक्ती क्रिया कराव्या. रघुवंशाच्या आठव्या सर्गात वसिष्ठाचा शिष्य अजराजाला निरोप सांगतो तोही याच समजुतीवर आधारलेला आहे: स्वजनांचे अखंड अश्रू प्रेताला दाह करतात. भगवद्गीतेचा उपदेश तर, ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस, या दोषारोपानेच सुरू होतो. कर्मकांड, लोकसमजूत आणि तत्त्वज्ञान ही तिन्ही क्वचितच एकमताने बोलतात. शोककर्त्याने गप्प बसावे, या एका मुद्द्यावर ती एक झालेली दिसतात.

तथापि ज्या परंपरेने हा निषेध केला, तिच्याच श्रेष्ठ ग्रंथांत आणि शिल्पांत शोककर्ता अगदी मध्यभागी येऊन बसलेला आहे. त्याला तेथे कोणी बसविले, आणि तेथे बसून तो नेमके काय करतो, या प्रश्नाकडे रसचर्चेच्या ओघात पुरेसे लक्ष गेलेले नाही. करुणरसाविषयी विपुल लिहिले गेले. करुणाचा विषय झालेल्या माणसाविषयी त्या मानाने फारच थोडे.

याचे कारण रसविचाराच्या घडणीतच आहे. भरताने शोकाला करुणाचा स्थायीभाव ठरविले, विप्रलंभ हा सापेक्ष आणि करुण हा निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा सुटलेला, असा मार्मिक भेदही केला. परंतु पुढे अभिनवगुप्ताच्या हाती हा विचार जसजसा सूक्ष्म होत गेला, तसतसा शोक कोणाचा हा प्रश्न गौण ठरत गेला. क्रौंचवधाच्या प्रसंगाविषयी तो बजावतो की, श्लोकरूप पावलेला शोक हा मुनीचा व्यक्तिगत शोक समजू नये. मुनी स्वतः दुःखी असता तर रसाला अवकाशच उरला नसता. सिद्धान्त म्हणून हे निर्दोष आहे. पण बालकांडातील त्या प्रसंगात प्रत्यक्ष रडणारी जी क्रौंची आहे ती या विवेचनात कोठेच राहत नाही. वाल्मीकीला हेलावून सोडतो तो तिचा आक्रोश. आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. आदिकाव्याचा तो पहिला श्लोक विलाप नाही, तो निषादाला दिलेला शाप आहे. शोकाला वाणी फुटताच ती प्रथम दोषी कोण ते सांगते. ही खूण ध्यानात ठेवून महाभारताच्या अकराव्या पर्वाकडे वळले, तर तेथील शोककर्तीचे कार्य अधिक स्पष्ट दिसू लागते.

स्त्रीपर्व हे महाभारतातील लहान पर्वांपैकी एक. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत त्याचे संपादन वा. गो. परांजपे यांनी केले व ते १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. पर्वाचा आरंभ सांत्वनाने होतो. शंभर पुत्र गमावलेल्या धृतराष्ट्राला संजय, विदुर आणि व्यास एकामागून एक समजावतात. विदुराचे निरूपण तर संसाराच्या अरण्यात विहिरीत लोंबकळणाऱ्या आणि तशातही मध चाटणाऱ्या माणसाच्या प्रसिद्ध दृष्टान्तापर्यंत जाते. हा उपदेश उत्तम आहे, पण त्याचा धृतराष्ट्रावर कितपत परिणाम झाला, हे पुढच्याच प्रसंगात दिसते: भीमाला आलिंगन देण्याच्या निमित्ताने तो पुढे होतो आणि कृष्णाने पुढे केलेल्या भीमाच्या लोखंडी पुतळ्याचा चुराडा करतो. व्यासांच्या ग्रंथात उपदेश आणि लोखंडी पुतळा इतके लागोपाठ येतात हा योगायोग मानणे कठीण आहे. अजाच्या बाबतीत कालिदासानेही असेच केले आहे. वसिष्ठाचा निरोप अजाच्या शोकाने भरलेल्या हृदयात जागा न मिळाल्याने जणू परत गेला, आणि बाळ दशरथासाठी आठ वर्षे कशीबशी काढून अजाने देह ठेवला. सांत्वन करणाऱ्यांची वचने कवी आदराने नोंदवतो आणि ती अपुरी पडल्याचेही तितक्याच शांतपणे नोंदवतो.

गांधारीचा विलाप यानंतर येतो. त्याची योजना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. जिने विवाहापासून डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली, तिलाच व्यासांच्या वराने दिव्य दृष्टी मिळते आणि दूर उभी राहूनही ती संपूर्ण रणभूमी जवळून पाहावी तशी पाहते. युद्ध चालू असताना ते पाहण्याची शक्ती संजयाला दिलेली होती. युद्ध संपल्यावर ती गांधारीला दिली जाते. एकाने शौर्य पाहिले, दुसरीने त्याचा परिणाम पाहिला. संजयाचे श्रोतेपण धृतराष्ट्राकडे होते. गांधारी आपला श्रोता स्वतः निवडते. ती कृष्णाशी बोलते. प्रत्येक मृतदेहाकडे बोट दाखवून ती त्याला ‘पाहा’ म्हणते. विलापाची ही दिशा नेहमीची नाही. सामान्यतः शोककर्ती मृताला उद्देशून बोलते. गांधारी जिवंताला उद्देशून बोलते, आणि तेही ज्याला हे सारे टाळता आले असते असे तिला वाटते त्याला.

ती काय दाखवते? प्रथम स्त्रिया दाखवते. ज्यांना सूर्यानेही पाहिले नव्हते अशा राजस्त्रिया मोकळ्या केसांनी रक्ताच्या चिखलात आपापली माणसे शोधत आहेत. कोणी एखादे मस्तक एखाद्या धडाला जुळवू पाहते आणि हे त्याचे नव्हे असे कळताच दुसरे शोधू लागते. मग एकेक नाव येते. दुर्योधनाजवळ ती कोसळते आणि सावध झाल्यावर आठवण सांगते की, युद्धापूर्वी तो जयाचा आशीर्वाद मागण्यास आला तेव्हा जिकडे धर्म तिकडे जय एवढेच आपण म्हणालो. मातेच्या शोकातही तिने पुत्राला निर्दोष ठरविलेले नाही. दुःशासनाजवळही ती त्याचे द्यूतसभेतील वर्तन विसरत नाही. पण येथेच तिची दृष्टी आपल्या शंभरांपुरती थांबत नाही हेही दिसते. विराट आणि द्रुपद तिला दिसतात. कर्णाची पत्नी दिसते. पतीचे मस्तक शोधत धावणारी दुःशला दिसते. द्रोणांपाशी बसलेली कृपी दिसते. अभिमन्यूच्या देहाजवळ बसलेल्या उत्तरेचे बोलणे तर ती जवळजवळ शब्दशः ऐकवते. सहा महिने सहवास झाला, सातव्यात तू गेलास, असा त्या मुलीचा हिशेब आहे. शत्रुपक्षाच्या सुनेचा हा हिशेब कौरवांच्या मातेच्या तोंडून यावा, यात व्यासांची जी समज आहे तिला तोड नाही.

हेल काढून रडण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यांना अपरिचित नाही. गेलेल्याचे नाव, त्याचे गुण, त्याचे शेवटचे बोलणे, त्याने अर्धवट टाकलेले काम, असे एकामागून एक सांगत बायका रडतात, आणि त्या सांगण्यात घरातील जुन्या तक्रारीही सर्वांसमक्ष उघड होतात. ऐकणारे पुरुष अशा वेळी अस्वस्थ होऊन ‘पुरे आता’ म्हणतात. गांधारीच्या विलापाची घडण याच जातीची आहे. ज्यांनी या विलापाला पसरट म्हटले असेल त्यांनी तो काव्य म्हणून वाचला, रीत म्हणून ऐकला नाही, असे म्हणावे लागते.

गांधारीच्या नामोच्चाराला व्यासांनी जी जोड दिली आहे ती विलक्षण आहे. विलाप संपताच धृतराष्ट्र युधिष्ठिराला मृतांची संख्या विचारतो. युधिष्ठिर उत्तर देतो: एकशे सहासष्ट कोटी वीस हजार, बेपत्ता योद्धे चोवीस हजार एकशे पासष्ट. या आकड्यांच्या शक्याशक्यतेवर वाद घालण्याचे कारण नाही. पाहण्यासारखे आहे ते एवढेच की, राजा संख्या विचारतो आणि राजाच संख्या सांगतो. मोजणी हे राज्याचे काम आहे, आणि व्यासांनी ते कमी लेखलेले नाही. कारण त्याच संवादातून ज्यांना कोणी नाही अशांच्याही दहनाची आज्ञा निघते, आणि अनाथ प्रेतांच्या राशींना विदुर अग्नी देववितो. तरीही त्या चोवीस हजार एकशे पासष्टांपैकी एकाचेही नाव वाचकाला कळत नाही. गांधारीने दाखविलेले वीसपंचवीस देह मात्र तो विसरू शकत नाही.

अलंकारिकांनी या विलापाचे काय केले, हेही येथेच पाहणे योग्य. स्त्रीपर्वातील एक श्लोक संस्कृत काव्यशास्त्रात अतिशय गाजला. भूरिश्रव्याची पत्नी त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन, तो हात पूर्वी प्रणयात काय काय करीत असे ते आठवते. ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतात आनंदवर्धनाने, शृंगाराचे स्मरण करुणाला विरोध न करता त्याला कसे पुष्ट करते, हे दाखविण्यासाठी हा श्लोक घेतला. काव्यप्रकाशात मम्मटाने शृंगार दुसऱ्या रसाचे अंग झाल्याचे उदाहरण म्हणून तो घेतला. दोघांचाही मुद्दा बरोबर आहे. परंतु मूळ प्रकरणात ती स्त्री येथे थांबत नाही. लगेच पुढे ती म्हणते की, हा दुसऱ्याशी लढत असताना, बेसावध असताना, कृष्णाच्या समक्ष अर्जुनाने हा हात तोडला. आणि कृष्णाला ती विचारते की, सभांमधून बोलताना अर्जुनाच्या या थोर कृत्याविषयी तू काय सांगणार आहेस? इतके बोलून ती गप्प होते. काव्यशास्त्राने तिच्या बोलण्यातील आठवण उचलली आणि आरोप तेथेच सोडून दिला. उदाहरणासाठी श्लोक सुटा करावाच लागतो हे मान्य केले, तरी नेमका कोणता भाग सुटा केला गेला याला अर्थ आहे. शोककर्तीची हळहळ रसात रूपांतरित होऊ शकते. तिचा प्रश्न तसा होत नाही, कारण त्याला उत्तर द्यावे लागते.

गांधारीचा विलाप याच प्रश्नाकडे वाढत जातो. सामर्थ्य असून तू उपेक्षा केलीस, म्हणून आजपासून छत्तिसाव्या वर्षी तूही आपल्या ज्ञातींचा नाश करून निंद्य रीतीने मरशील आणि तुमच्या स्त्रिया अशाच रडतील, असा शाप ती कृष्णाला देते. क्रौंचीच्या आक्रोशातून निघालेली वाणी जशी शाप झाली, तशीच ही. मात्र येथे शाप देणारी व्यक्ती स्वतः शोककर्ती आहे, तिच्या वतीने बोलणारा मुनी मध्ये नाही. कृष्णाचे उत्तर अनेक वाचकांना खटकत आले आहे, आणि ते खटकलेच पाहिजे. तो किंचित हसतो. जे व्हायचेच आहे तेच तू केलेस म्हणतो. आणि नंतर, ब्राह्मणी तपासाठी पुत्र प्रसवते, गाय ओझे वाहण्यासाठी, घोडी धावण्यासाठी, आणि तुझ्यासारखी राजकन्या वधासाठीच, असे कठोर वचन ऐकवतो. गांधारी यावर बोलत नाही. तिचे डोळे शोकाने व्याकूळ आहेत एवढेच कवी सांगतो. गीतेतील कृष्णाला अर्जुनाने शेवटी मोह गेल्याचे सांगितले होते. येथे श्रोत्याकडून तशी कबुली येत नाही. ज्ञानाचा उपदेश संपूर्ण ग्रंथात पुन्हा पुन्हा येतो, पण गांधारीला त्याने समाधान झाले असे लिहिण्याचा मोह व्यासांनी टाळला.

आधुनिक लेखकांना हे मौन सोसलेले नाही. धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’मध्ये (१९५४) कृष्ण तो शाप करुणेने स्वीकारतो, युद्धातील प्रत्येक मरणात आपणच मेलो अशा भावनेने बोलतो, आणि गांधारी दिलेल्या शापाबद्दल रडू लागते. फाळणीनंतरच्या पिढीला या नाटकाने जे दिले त्याचे मोल मोठे आहे. १९६२ मध्ये मुंबईत सत्यदेव दुबे यांनी केलेल्या प्रयोगापासून ते मराठी रंगकर्मींच्याही परिचयाचे झाले. परंतु शोककर्तीने शेवटी पश्चात्ताप करावा ही सोय मूळ ग्रंथाने घेतलेली नाही, आणि या बाबतीत मूळ ग्रंथ अधिक आधुनिक वाटतो. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील (१९६७) गांधारी ही आयुष्याच्या अखेरीची, वनातील गांधारी आहे, तिचा विचार त्यांनी डोळ्यांवरील पट्टीच्या अनुषंगाने केला. रणभूमीवर जी पाहते ती गांधारी मराठी समीक्षेत अजून पुरती आलेली नाही.

स्त्रीपर्वाचा शेवट आणखी एका शोककर्तीने होतो, आणि तो विधीच्या मध्येच होतो. गंगेवर जलदान चालू असताना कुंती एकाएकी रडू लागते आणि पुत्रांना सांगते की, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. गांधारी निदान उघड रडू शकत होती. कुंतीचा शोक आजवर कोणाला माहीतही नव्हता. रडू नये, क्रिया करावी, असे स्मृतीने म्हटले होते. येथे क्रियाच अडते, कारण पाणी कोणाच्या नावाने सोडायचे याचे उत्तर खरे असावे लागते. विधी आणि शोक हे परस्परविरोधी आहेत या गृहीतालाच व्यासांनी या एका प्रसंगाने धक्का दिला आहे. युधिष्ठिराचा तत्क्षणीचा उद्गार दुःखापेक्षा संतापाचा आहे: हे लपवून ठेवून तू आम्हा सर्वांचा घात केलास.

वैदिक परंपरेबाहेर, जेथे शोकाचा त्याग हेच साधनेचे ध्येय होते, तेथे शोककर्त्याला अधिकच अडचणीचे स्थान मिळावे हे साहजिक होय. महापरिनिब्बानसुत्तात बुद्धाच्या अंतसमयी आनंद विहारात जाऊन दाराला टेकून रडतो. आपण अजून शिकाऊच राहिलो आणि आपल्यावर दया करणारा गुरू चालला, हे त्याचे दुःख. बुद्ध त्याला बोलावून घेतो, प्रिय वस्तूंचा वियोग अटळ असल्याची आठवण देतो, पण तेथे न थांबता दीर्घकाळ मनोभावे केलेल्या सेवेबद्दल त्याची प्रशंसा करतो. परिनिर्वाणानंतर वीतराग भिक्षू स्मृती राखून शांत राहतात, बाकीचे हात उंचावून आक्रोश करतात, अशी सरळ विभागणी सुत्ताने केली आहे. रडणे हे साधनेतील उणेपणाचे माप ठरते. चुल्लवग्गातील राजगृहाच्या संगीतीच्या वृत्तान्तात तर आनंदावर जे आरोप ठेवले गेले त्यांत एक असा आहे की, त्याने स्त्रियांना बुद्धाच्या देहाचे प्रथम दर्शन घेऊ दिले आणि त्यांच्या अश्रूंनी तो देह मलिन झाला. आनंदाचे उत्तर नम्र पण ठाम आहे. त्यांना उशीर होऊ नये म्हणून आपण तसे केले, यात आपल्याला दोष दिसत नाही. तरी आयुष्मानांवरील श्रद्धेमुळे तो आपण मान्य करतो. प्रेतावर पडलेले अश्रू अपवित्र करतात, ही समजूत याज्ञवल्क्याच्या वचनाहून फार दूरची नाही.

या पार्श्वभूमीवर अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे शिल्प पाहावे. लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील. भिक्षू बुद्धभद्राच्या तेथील शिलालेखात अश्मकाचा अमात्य भव्विराज याचा उल्लेख आहे. चैत्यगृहाच्या डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची, उजव्या कुशीवर पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. वरच्या बाजूस देवगण बुद्धाच्या स्वागतासाठी हर्षभरित झालेले. खाली, मंचकाच्या दर्शनी अंगाला, शोकाकुल शिष्य आणि उपासक ओळीने बसलेले. कोणी गालावर हात टेकला आहे, कोणी मान खाली घातली आहे. मुख्य मूर्तीच्या मानाने ही माणसे फारच लहान आहेत, आणि सिद्धान्ताप्रमाणे तसेच असावयास हवे. देवांना जे कळले ते त्यांना कळलेले नाही. परंतु हे शिल्प प्रदक्षिणामार्गावर आहे. स्तूपाला प्रदक्षिणा घालणारा मनुष्य त्या भिंतीलगत चालतो तेव्हा देवगण त्याच्या डोक्यावर राहतात, बुद्धाचे मुख एका दृष्टीत मावत नाही, आणि जवळ, हाताच्या अंतरावर येतात ती खाली बसलेली माणसे. शिल्पकाराने ग्रंथातील श्रेणी उंचीने पाळली आणि जवळिकीने मोडली. हे जाणीवपूर्वक केले की भिंतीच्या मोजमापामुळे तसे घडले, या वादात शिरण्याची गरज नाही. रडणाऱ्यांच्या रांगेतूनच दर्शकाला जावे लागते, हे वास्तव त्याने नाहीसे होत नाही.

अजिंठ्याहून आळंदीपर्यंत येताना आठ शतके मध्ये पडतात, पण पेच तोच राहतो. फक्त तो आता मराठीत आणि अधिक घरगुती स्वरूपात उभा राहतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर भाष्य करताना अर्जुनाच्या शोकाची जी हजेरी घेतली तिच्यात माया आहे, पण माघार नाही. सहाच वर्षांनी, शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, त्यांनी आळंदीस समाधी घेतली. आणि ज्यांनी ते भाष्य सर्वांत आधी ऐकले असेल तेच लोक त्यांच्यासाठी रडले. नामदेवांच्या नावावर असलेले समाधीचे अभंग हा या रडण्याचा वृत्तान्त होय. १९७० च्या शासकीय ‘श्रीनामदेव गाथे’त ते समग्र पाहता येतात. यांतील किती अभंग मूळ नामदेवांचे आणि किती नंतरच्या नामयांचे, हा पाठचिकित्सेचा प्रश्न मोठा आहे. परंतु समग्र प्रकरणाची दृष्टी एक आहे, आणि येथे तीच विचारात घेतली आहे.

या प्रकरणाची पहिली नवलाई अशी की, त्यात मृत्यू नाही. ज्ञानदेव स्वेच्छेने, जाणीवपूर्वक समाधीत बसतात. ब्रह्मस्वरूप झालेल्यासाठी शोक करण्याचे तत्त्वतः काहीच कारण नाही, आणि उपस्थितांपैकी प्रत्येकाला हे ठाऊक आहे. येथे शोक अज्ञानातून येत नाही. नामदेवांचे पुत्र समाधीची जागा झाडून काढतात. देव आणि निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे दोन हात धरून त्यांना आसनाकडे नेतात. अशा बारीकसारीक कामांचा उल्लेख या अभंगांत वारंवार येतो. अंत्यविधीच्या घरात जशी कामे वाटली जातात तशीच ती येथे वाटलेली आहेत, आणि त्यांपैकी एक काम विठ्ठलाकडे आलेले आहे. स्त्रीपर्वातील कृष्ण शोककर्तीच्या समोर उभा राहून हसला होता. हा विठ्ठल तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

दुसरी नवलाई निवृत्तिनाथांची. ते ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू. गुरूने शिष्यासाठी शोक करावा ही गोष्ट उलट्या क्रमाची आहे. तत्त्वज्ञान ज्याने शिकविले त्याच्याच तोंडी या प्रकरणात सर्वांत आर्त वचने आली आहेत. बांध फुटलेले तळे आणि आळा सुटलेली पेंढी या त्याच्या प्रतिमा शेतातल्या आहेत. त्यांत वैराग्याचा लवलेश नाही. घर एकत्र धरून ठेवणारे काही होते, ते सुटले, इतकेच त्या सांगतात. आईबाप गेले तेव्हाचे दुःखही यापुढे उणे वाटावे, अशी तुलना तो करतो. आईबापांनी या चौघा भावंडांना पोरके केले होते, संन्याशाची मुले म्हणून समाजाने वाळीत टाकले होते, ही कथा श्रोत्यांना माहीत असल्याने त्या एका तुलनेत सारा पूर्ववृत्तान्त येऊन जातो. ज्ञानेश्वरीत निवृत्तिनाथ आहेत ते शिष्याने स्तविलेले गुरू. त्यांचा स्वतःचा आवाज असा ऐकू येतो तो समाधीच्या अभंगांत, शोककर्ता म्हणून. पुढील काही महिन्यांतच सोपान सासवडला, मुक्ताबाई तापीतीरी आणि स्वतः निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी गेले. मागे राहिले ते नामदेव.

नामदेवांचे या प्रकरणातील स्थान गांधारीच्या स्थानाशी ताडून पाहावे. तेही पाहतात आणि सांगतात. कोण कोठे उभे होते, कोणी काय केले, कोणाच्या तोंडून काय निघाले, हे तेच नोंदवतात. तेही देवाशी भांडतात. परंतु गांधारीच्या सांगण्यातून शाप निघाला आणि नामदेवांच्या सांगण्यातून आख्यान निघाले. याचे श्रेय केवळ भक्तीच्या मृदुतेला देणे सवंगपणाचे होईल. गांधारीपुढे वधाचा अपराधी होता. नामदेवांपुढे तसा कोणीच नाही. ज्याने जाण्याचे ठरविले त्याच्यावर आरोप कसा करावा, ही त्यांची अडचण आहे, आणि म्हणूनच या अभंगांतील शोक वारंवार शब्दांनी अडखळून कामाकडे, जागा झाडण्याकडे, हात धरण्याकडे वळतो. काही अभंगांत उपदेशाचा सूर येतो तेथे प्रकरण सैल पडते, हेही मान्य केले पाहिजे. नामदेवांची समजूत घालण्यासाठी देवाच्या मुखी घातलेली वेदान्ताची वचने कोणाही निरूपणकाराने घातली असती अशी आहेत. प्रकरण पुन्हा उभे राहते ते निवृत्तिनाथ बोलू लागतात तेव्हा.

ही परंपरा ग्रंथापुरती राहिलेली नाही. कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला संजीवन समाधीचा सोहळा होतो तेव्हा नामदेवांच्या वंशातील नामदास घराण्याचे कीर्तनकार समाधीच्या प्रसंगाचे कीर्तन करतात. माऊली गेली नाही, समाधीत आहे, अशी दृढ श्रद्धा असलेला तो समाज असतो; सोहळ्याचे नावच तसे आहे. तरीही दुपारी समाधीचा क्षण येतो, घंटानाद होतो, फुले उधळली जातात, आणि मंडपातील माणसे डोळे पुसतात. कीर्तनकार त्या वेळी निवृत्तिनाथांचे अभंग घेतो.